माळ्यावरून ओ आली नाही

मला आयुष्यात एकदाही साप चावलेला नाही. तरीही कुंभिवलीच्या शिवारात आजसुद्धा माझी ओळख ‘साप चावून वाचलेला वसंता’ अशीच करून देतात, आणि करून देणाऱ्यांत माझी सख्खी आई सगळ्यांत पुढे असते.

माझं खरं दुखणं वेगळं होतं. मला घाबरायचा आजार होता. आता घाबरत कोण नाही? विंचवाला, सासऱ्याला, कारखान्यातल्या साहेबाला सगळेच घाबरतात. माझं तसं नव्हतं. समोर काहीच नसलं की मी घाबरायचो! खोपोलीच्या एका कारखान्यात मी टाइमकीपर होतो. म्हणजे सकाळी फाटकावर उभं राहून एकेकाचं नाव पुकारायचं आणि समोरून ‘हजर’ आलं की खूण करायची. आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी एका सकाळी असाच नावं पुकारत होतो, तर अचानक छातीत ढोल वाजायला लागला. बोटांना मुंग्या, तोंडाला कोरड, दरदरून घाम, आणि डोक्यात एकच विचार, की वसंता, संपलास तू. कामगारांनी उचलून बाकावर आडवं केलं. थोड्या वेळानं सगळं आपोआप ओसरलं आणि मी चहा मागितला. (चहा मागणारा माणूस मरत नाही, असं आमच्या मुकादमाचं मत पडलं.) पण चार दिवसांनी पुन्हा तेच झालं, मग वरचेवर व्हायला लागलं.

त्यात माझी बायको कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. माहेर लोणावळ्याला, आणि मधे आख्खा बोरघाट. पोरगी झाल्याचा निरोप आला तेव्हा मी गावभर जिलेबी वाटली आणि दुसऱ्या दिवशी शिळफाट्यावर एसटीत चढलो. खोपोली सुटली, चढ लागला, खिडकीतून दरी दिसली आणि ढोल सुरू. पहिल्याच वळणावर मी उभा राहून कंडक्टरला घंटी मारायला लावली. एका बाईनं पिशवीतला कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. मागच्या बाकावरच्या आजोबांनी तर गीतेचा अध्याय सुरू केला. मी तसाच उतरलो आणि चालत खाली आलो. सपाटीला पाय लागला तशी छाती गप्प. सपाटीवर मी फार शूर माणूस आहे. पण माझी पोरगी सपाटीवर जन्मली नव्हती.

ही बातमी लोणावळ्याला पोचायला वेळ लागला नाही. तिकडून कुसुमचा निरोप आला. बारसं बाराव्या दिवशी आहे, म्हणाली, पण नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका, पोरीला मी सांगेन की तुझे बाबा खाली आहेत. तिनं मायेनं सांगितलं होतं, पण मला ते असं लागलं की मी परसात जाऊन रडलो. बापानं पोरीचं तोंड बघायचं नाही, ते का, तर मधे चढ आहे म्हणून! मी ठरवलं, बारशाच्या आत हा घाट चढायचाच.

बाबा मला खोपोलीच्या गाडीनं कर्जतला घेऊन गेले. आमचे बाबा म्हणजे दिवसाला मोजके शब्द खर्च करणारा माणूस. बैलाशी जरा जास्त बोलायचे, माणसांशी बेतानं. कर्जतचे डॉक्टर वयस्कर होते, शांत होते. त्यांनी माझी छाती पुढून, मागून, उभ्यानं, आडवं करून तपासली आणि हृदय बैलासारखं आहे म्हणाले.

“मंग धडधडतं कशाला?” बाबांनी विचारलं.

“धडधड खरी आहे. तिचं कारण तेवढं खोटं आहे,” डॉक्टर म्हणाले. “मनाला वाटतं वाघ आला. शरीर पळायची तयारी करतं. आणि वाघ तर कुठेच नसतो.”

हा चिंतेचा आजार आहे, ढोंग नाही, लाज वाटायचं कारण नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. (दुसऱ्यांदा सांगताना ते माझ्याकडे नाही, बाबांकडे बघत होते.) मग त्यांनी उपाय सांगितला. रोज शांत जागी ताठ बसायचं, डोळे मिटायचे आणि श्वासाकडे लक्ष ठेवायचं. विचार येतील, येऊ द्या. हाकलू नका. आवाज येतील, येऊ द्या. उत्तर देत बसू नका. अंगात काय होईल ते नुसतं बघा, आपोआप निवळेल. त्याला ध्यान म्हणा नाहीतर काहीही म्हणा, पण नेमानं करा.

निघताना बाबा दारात थबकले. “हे बसनं म्हाताऱ्या मानसाला चालतं का?” त्यांनी विचारलं. चालतं, डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्याला गावात जाऊन सांगायला काहीतरी हवं. परतीच्या गाडीत बाबांनी तिकिटं टोपीत खोचली. मग म्हणाले, “डोळं मिटून नुसतं बसायचं, त्याला कर्जतला कशाला जावं लागतंय?”

पण नुसतं बसणं किती अवघड असतं ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. पहिल्या दिवशी ओटीवर बसलो. आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला. दुसऱ्या दिवशी माजघरात बसलो, तर तिला वाटलं, पोरानं जेवणावर राग धरलाय. वाटीत शिरा घेऊन समोर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, की वसंताच्या अंगात कोणाचं वारं येतंय, गावदेवीचं का बाहेरचं? संध्याकाळी माझ्यासमोर उदबत्ती आणि लिंबू. दोन बायका तर आपापले प्रश्न घेऊन येऊन बसल्या होत्या. एकीची म्हैस हरवली होती. मी डोळे मिटूनच सांगितलं की मला काही माहीत नाही. ती म्हणाली, देव पहिल्यांदा असंच म्हणतो.

बारसं परवावर आलं. माझं ध्यान काही उंबऱ्याबाहेर सरकेना. तेव्हा मला सुचलं, शेतातला माळा!

आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला भात लोंबीला येतं आणि पोपट-चिमण्यांची धाड पडते. म्हणून प्रत्येकाच्या शेतात चार बांबूंवर एक माळा बांधायचा, वर पेंढ्याचं छप्पर, आणि त्यावर कुणीतरी गोफण घेऊन राखणीला बसायचं. उंच, एकटी, गार जागा. आई नाही, काकू नाहीत, म्हैस नाही. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी मी बाबांना म्हणालो, आज माळ्यावर मी बसतो. कारखान्याला लागल्यापासून मी शेताकडे फिरकलो नव्हतो, त्यामुळे बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते बघून मला बरं वाटलं. त्यांनी गोफण दिली, डबा दिला, आणि एवढंच म्हणाले, “ओ देत ऱ्हा.”

हे ओ देणं म्हणजे आमच्या शिवारातली जुनी रीत. एका माळ्यावरचा माणूस ‘हाऽऽ हूऽऽ’ करून आरोळी मारतो, शेजारच्या माळ्यानं ती उचलायची, मग त्याच्या पलीकडच्यानं. अशी आरोळी शिवारभर फिरते. पाखरं उडतात आणि माणसंही मोजली जातात. भातात साप-किरडू असतंच. एखाद्या माळ्यावरून लागोपाठ तीन आरोळ्यांना ओ आली नाही, तर हातातलं काम टाकून सगळ्यांनी तिकडे धावायचं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण रोज शेकडो माणसांकडून ‘हजर’ म्हणवून घेणाऱ्या माणसाला आपणही कुठे हजेरी द्यायची असते हे आठवत नाही.

बांधावरून जाताना एका खेकड्यानं माझ्या घोट्याला फांगडा लावला, म्हणजे नांगीनं कडकडून चिमटा काढला. मी त्याला दोन शिव्या हासडल्या, पाय झटकला आणि माळ्यावर चढलो. दोन आरोळ्यांना ओ दिली. मग मांडी घातली, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले.

आणि काय सांगू, लागलं की हो! पहिल्यांदाच लागलं. श्वास आत, श्वास बाहेर. पिकलेल्या भाताचा वास. खालून ओल्या मातीचा गारवा. विचार आले, कुसुम आली, घाट आला, दरी आली. मी कुणाला हाकललं नाही. मग पोपटांचा थवा उतरला. मी पोपटांनाही हाकललं नाही. डॉक्टरांचा शब्द मी तंतोतंत पाळत होतो. पलीकडच्या माळ्यावरून धोंडूकाकांची आरोळी आली, हाऽऽ हूऽऽ! आवाज येतील, येऊ द्या, उत्तर देत बसू नका. (डॉक्टर हे धोंडूकाकांना उद्देशून बोलले नव्हते, हे मला मान्य आहे.) पुन्हा आरोळी आली, आली तशी गेली. तिसरी मला वाटतं ऐकूच आली नाही. कित्येक महिन्यांत छाती इतकी शांत नव्हती. मला वाटलं, झालं, उद्या आपण घाट चढणार.

तेवढ्यात कुणीतरी माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. डोळे उघडले तर नाकासमोर धोंडूकाकांचा चेहरा, त्यांच्या हातात कोयता, आणि माळ्याखाली आख्खं शिवार जमलेलं. गोफणी, काठ्या, बायका, पोरं, दोन कुत्री. सगळे तोंड वर करून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्यामागून पदर सावरत आई धावत येत होती.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. असं दचकल्यावर माझ्या छातीनं काय केलं असेल? ढोल, ताशा, सगळं एकदम सुरू. मला खाली उतरवलं. धोंडूकाकांनी पाय तपासले आणि घोट्यावर बोट ठेवलं. दोन लाल ठिपके.

“हातापायाला मुंग्या येतात का रं?”

“येतात.”

“घाम तर दिसतोच हाय. घसा सुकलाय?”

मी मान हलवली. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी खेकडा म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोंडात कडुलिंबाचा पाला आला. आमच्याकडची परीक्षा ठरलेली आहे. पाला कडू लागला, मिरची तिखट लागली, तर विष नाही. नाही लागली, तर मात्र आशा धरायची नाही. आता माझं तोंड इतकं कोरडं पडलं होतं, की पाला आणि पेंढा यांतला फरक कळला नसता.

“कडू लागतंय?”

“नाही.”

आईनं येता येता परसातली मिरची तोडून आणली होती. तिनं ती माझ्या दाताखाली धरली. मी चावली, चघळली, गिळली. काहीच नाही.

“तिखट?”

“नाही गं आई.”

आई मटकन बांधावर बसली. आणि गंमत बघा, त्या क्षणी माझाही विश्वास बसला! एवढी जाणती माणसं सांगतायत, मिरचीसुद्धा तेच सांगतेय, तर मी कोण मोठा लागून गेलो? खेकडा मी साफ विसरलो. वाघ कुठेच नसतो म्हणाले होते डॉक्टर, पण हा साप होता. मी आईला सांगायला लागलो की कुसुमला सांभाळ, पोरीला शाळेत घाल.

गर्दीतून पुढे होऊन बाबांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या पायाला करकचून बांधला आणि मला पाठीवर घेऊन हमरस्त्याकडे चालायला लागले. रस्त्यावर शिळफाट्याचे हुसेनचाचा टेंपो थांबवून दोर आवळत होते. टेंपोत गवताचे भारे, लोणावळ्याच्या गोठ्यांसाठी चाललेले. बाबा ‘साप’ एवढंच म्हणाले. चाचांनी भारे सारखे करून मला वर झोपवलं, बाबा शेजारी बसले, आणि टेंपो निघाला. शिळफाट्याच्या दवाखान्याचं दार बंद होतं. डॉक्टर दिवाळीच्या खरेदीला गेले होते. शेजारचा दुकानदार म्हणाला, सापाचं औषध इथे नसतंच, लोणावळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

“मंग चला लोणावळ्याला,” हुसेनचाचा म्हणाले. “मी तिकडंच चाललोय. त्याला तेवढं झोपू देऊ नका.”

साप चावलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही, हा दुसरा नियम. तेव्हा बाबांना मला बोलतं ठेवणं भाग होतं, आणि बोलणं हा त्यांचा धंदाच नव्हता. त्यांनी आधी पावसाचं सांगितलं. मग ढवळ्या बैलाच्या खुराचं सांगितलं. मग या वर्षी लोंबी भरलीय म्हणाले. तेवढ्यात त्यांचा साठा संपला. माझे डोळे जरा मिटले की एक चापट मारायचे आणि पुन्हा पहिल्यापासून पाऊस सुरू करायचे. असं तीनदा झालं. मग टेंपोच्या घरघरीत ते एकदम म्हणाले, “माज्या पन छातीत असंच होतं.”

“काय होतं?”

“धडधडतं. मुंग्या येतात. तुजी आय बाळंत होती तवा पयल्यांदा झालं. नांगर सोडून बांधावर बसून ऱ्हायलो होतो. तवापासनं हाय ते.”

“कुणाला सांगितलं नाहीत?”

“गडी मानसानं कसं सांगायचं, घाबरायला होतं म्हनून?”

मी उठून बसलो. कर्जतच्या दारातला त्यांचा प्रश्न मला तेव्हा कळला. बाबांचे ओठ सुकले होते, कपाळावर घाम होता, आणि माझा पंजा धरलेला त्यांचा हात लटलटत होता. आयुष्यभर नांगराची मूठ धरलेला हात तो. मला एकदम भरून आलं.

“आत्ता होतंय?”

“आत्ता तर लई होतंय. तुज्यापाई.”

मग मी काय केलं? घोट्यात विष भिनत असताना मी माझ्या बापाला ध्यान शिकवलं. म्हटलं, बाबा, ताठ बसा, डोळे मिटा, श्वास आत जातोय तो बघा, बाहेर येतोय तो बघा, धडधडतंय तर धडधडू दे, भांडू नका त्याच्याशी.

“मी मिटतो,” बाबा म्हणाले. “तू मिटू नको.”

त्यांनी मिटले. मी उघडे ठेवले. त्यांचा श्वास आधी धापा टाकत होता, मग टेंपोच्या गतीनं चालायला लागला, मग त्याहूनही सावकाश. मी त्यांच्या छातीवरून नजर काढली नाही. टेंपो वळत होता, चढत होता, कण्हत होता, आणि मला बाबांचा श्वास सोडून दुसरं काही दिसत नव्हतं.

अचानक टेंपो थांबला. हुसेनचाचा उतरले. शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकल्याशिवाय त्यांनी कधी घाट चढला नव्हता, आणि सापासाठी ते नियम मोडणार नव्हते. हात जोडून झाल्यावर त्यांनी मागे येऊन गवतावर नजर टाकली. म्हातारा डोळे मिटून ताठ बसलेला, आणि पोरगा त्याचा हात धरून त्याला धीर देतोय.

“अरं,” ते म्हणाले, “चावलंय नक्की कोनाला?”

लोणावळ्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी आधी पंचा सैल करायला सुरुवात केली, कारण पाय निळा पडला होता तो पंच्यानंच. मग भिंगातून ठिपके बघितले, माझी नाडी धरली, डोळे तपासले, पुन्हा ठिपके बघितले. सकाळी पायाला आणखी काही लागलं होतं का, त्यांनी विचारलं. मी आठवायला लागलो. आणि बांधावरचा तो खेकडा, माझ्या दोन शिव्यांसकट, डोळ्यांसमोर उभा राहिला.

“खेकडा,” मी म्हणालो.

“मग साप कोणी म्हटलं?”

“गावानं ठरवलं,” बाबा म्हणाले.

तरी त्यांनी दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं, आणि मग सोडलं. सासुरवाडी चार पावलांवर. पोरगी झाल्यावर जावयानं पहिल्यांदा यायचं ते कसं? बाळाला अंगडं-टोपडं, बायकोला लुगडं, सासूबाईंना काहीतरी. मी आलो तो अनवाणी, अंगाला गवत, केसांत लिंबाचा पाला, लंगडत, आणि गळ्यात गोफण. (ती काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.) सासूबाईंनी दार उघडलं आणि ओवाळायला आत वळायच्या ऐवजी मागे सरकल्या. त्यांच्यामागून कुसुम पोरीला घेऊन आली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागच्या रस्त्याकडे बघितलं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही घाट चढून आलात?”

मी चमकलो. घाट? खरंच की, मधे घाट होता! पण तो केव्हा लागला आणि केव्हा संपला? मला काही पत्ताच नव्हता. आणि हे ध्यानात आल्याबरोबर मी उंबऱ्यावरच बसायला लागलो, तेव्हा बाबांनी मला धरून आत बाजेवर बसवलं. कुसुमनं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं. एवढंसं तोंड, मुठी वळलेल्या, पोट वर-खाली होतंय. मी तिचा श्वास बघत बसलो. त्यासाठी मला कुणी सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारशाला आई त्याच टेंपोतून आली. हुसेनचाचांनी आदल्या दिवशीच परत जाऊन निरोप दिला होता, तरी ती मला चाचपून बघितल्याशिवाय पाळण्याजवळ गेली नाही. मग जमलेल्या बायकांना सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. पाला कडू लागला नाही, मिरची तिखट लागली नाही, तरी माझा वसंता वाचला. कुसुम ऐकत होती. तिनं विचारलं, “आई, मिरची कुठली होती?”

“भज्याची. परसातली,” आई म्हणाली. “लवंगी ह्याला सोसते का? पोट लगेच बिघडतं त्याचं.”

पाळण्याभोवती जे हसू फुटलं त्यानं पोरगी जागी झाली. आईला मात्र आजतागायत कळलेलं नाही की लोक का हसले. साप चावला म्हणून काय झालं, पोट तर पोरालाच सांभाळायचं होतं ना! माझ्या बापाला मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना बघितलं.

गावात परतलो ते त्याच टेंपोनं, रिकाम्या हौद्यात, बाबांचा हात धरून. उतरताना ढोल वाजला, पण हळू. त्या हंगामात आमच्या शेताचं काय झालं ते विचारू नका. माझ्यासाठी आख्खं शिवार माळे सोडून धावलं होतं, तेवढ्या वेळात पोपटांनी सगळ्यांच्याच भातावर मेजवानी झोडली. कुणी मला बोललं नाही. धोंडूकाका तर वर एक पायली नवे तांदूळ घेऊन आले, पोरीच्या खिमटीसाठी म्हणून. मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

कर्जतच्या डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, तेव्हा ते आधी खूप हसले. मग म्हणाले, उपाय लागू पडलाय, चालू ठेव. दुसऱ्याचा श्वास बघितलास तरी चालतं. फक्त बसायच्या आधी लोकांना सांगून बस. मी ते पाळलं. हळूहळू एसटीनंही घाट चढायला लागलो. बाबा तर मरेपर्यंत रोज सकाळी गोठ्यात बैलाशेजारी डोळे मिटून बसायचे. बैल ताप बघत नाही, म्हणायचे.

मी अजूनही बसतो, पण घरात. आणि घरात कुसुमचं राज्य आहे. मी डोळे मिटले की स्वयंपाकघरातून थोड्या थोड्या वेळानं तिची हाक येते, आणि मला ‘हूऽऽ’ म्हणून ओ द्यावी लागते. एकदा खरोखर छान लागलं होतं आणि ओ द्यायला उशीर झाला. डोळे उघडले तर ती समोर उभी, हातात लवंगी मिरची! डॉक्टर म्हणायचे, खोल ध्यान लागायला वर्षानुवर्षं जावी लागतात. मला ते काही लागायचं नाही, कारण आमच्या परसात आता भज्याच्या मिरच्या कुणी लावत नाही.